झिंक टाकलं आणि द्रावण पांढरं झालं: धातू-आयन आणि प्रथिनांच्या गुठळ्यांच्या प्रयोगात या चुका टाळा

जीवरसायनशास्त्राच्या एमएस्सी प्रकल्पांसाठी हा विषय विद्यार्थ्यांना फार आवडतो: अल्झायमर किंवा पार्किन्सनशी संबंधित एखादं प्रथिन घ्यायचं, त्यात झिंक, तांबं किंवा लोहाचा क्षार टाकायचा आणि गुठळ्या होतात का ते पाहायचं. विषय चांगलाच आहे. उपकरणं फार लागत नाहीत आणि निकाल नुसत्या डोळ्यांनी दिसतो. घोळही तिथेच होतो. दिसणारा गढूळपणा प्रथिनाचाच आहे का, हे तपासायच्या आधीच निष्कर्षाचं पान टाइप झालेलं असतं.

थोडी पार्श्वभूमी. १९९४ साली ॲशली बुश आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की झिंक मिळालं की माणसाचा अमायलॉइड बीटा (अल्झायमरच्या गुठळ्यांतलं प्रथिन) झपाट्याने गोळा होतो, उंदराचा मात्र तसा होत नाही. दोघांत फरक तीनच अमिनो आम्लांचा आहे, आणि त्यातला एक म्हणजे माणसातल्या हिस्टिडीन-१३ च्या जागी उंदरात आर्जिनीन. धातू धरून ठेवण्याचं काम प्रामुख्याने हिस्टिडीन ६, १३ आणि १४ करतात, त्यामुळे एक हिस्टिडीन गेलं तरी पकड ढिली होते. पुढे १९९८ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतल्या प्लाकमध्ये (या प्रथिनाच्या साठ्यांत) तांबं, झिंक आणि लोह साठलेलं प्रत्यक्ष मोजलं गेलं. तेव्हापासून हा विषय थांबलेला नाही.

मला विचाराल तर या प्रयोगात प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: मी टाकलेला धातू आत्ता नक्की कुठे आहे? प्रथिनावर, बफरवर (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणावर), ईडीटीएवर (धातू पकडणाऱ्या रसायनावर), प्रथिनाला जोडलेल्या टॅगवर, की नळीच्या तळाशी साक्यात? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

पीबीएसमध्ये झिंक टाकणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. पेशींच्या प्रयोगांमुळे पीबीएसची (फॉस्फेट आणि मिठाच्या बफरची) बाटली फ्रीजमध्ये तयार असते, हात आपोआप तिकडे जातो. मग विद्यार्थी उत्साहात येतो, “मॅडम, झिंक टाकलं अन् लगेच पांढरं झालं! याच्यावर पेपर होते का?” त्याला म्हणायचं, “आधी प्रथिन न टाकता करून दाखव.” दहा मिनिटांनी तो गप्प परत येतो, कारण प्रथिनाशिवायही पांढरंच झालेलं असतं.

तो साका झिंक फॉस्फेटचा. पीबीएसमध्ये फॉस्फेट साधारण १० मिलिमोलर असतं. पीएच ७.४ ला विद्राव्यता गुणाकाराचं गणित मांडलं, तर मोकळं झिंक एखाद-दुसऱ्या मायक्रोमोलरच्या पुढे गेलं की द्रावण अतिसंपृक्त होतं. आपण टाकतो ५० किंवा १०० मायक्रोमोलर. हे रसायनशास्त्र काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला पाठ असतं: डीएपी आणि झिंक सल्फेट एकत्र कालवू नका, झिंक अडकून बसतं, झाडाला लागत नाही. म्हणून तर तो जास्तीचे पैसे मोजून चिलेटेड झिंक आणतो. प्रयोगशाळेत येताना आपण तेवढं विसरतो. फेरिक लोह, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम यांचीही फॉस्फेटशी अशीच गत होते.

इथे आणखी एक सापळा आहे आणि त्यात हुशार विद्यार्थी अडकतात. ‘ईडीटीए टाकल्यावर गढूळपणा गेला, म्हणजे गुठळी धातूने बांधलेल्या प्रथिनाचीच होती,’ असा युक्तिवाद करतात. झिंक फॉस्फेटचा साकाही ईडीटीएत विरघळतो. या चाचणीतून दोन्ही आरोपी सारखेच सुटतात. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रावणात प्रथिन किती उरलं ते मोजलं तरी पूर्ण खात्री होत नाही, कारण फॉस्फेटचा साका खाली बसताना प्रथिनालाही ओढून नेतो. इलाज एकच, बफर बदला. २० मिलिमोलर हेपीस आणि १०० ते १५० मिलिमोलर मीठ, इथून सुरुवात करा. हेपीसही तांब्याला थोडंसं धरतं, पण फार नाही. आणि प्रत्येक प्लेटमध्ये ‘धातू आहे, प्रथिन नाही’ हा खड्डा (वेल) असलाच पाहिजे. तो नसेल तर मी पुढचं पान उलटत नाही.

ट्रिस, पीएच आणि नागपूरचा मे महिना

फॉस्फेट टाळून लोक ट्रिसकडे वळतात. झिंकसाठी ते एकवेळ चालून जाईल, पण तांब्याला ट्रिस चांगलंच धरतं. ५० मिलिमोलर ट्रिसमध्ये १० मायक्रोमोलर तांबं म्हणजे एका आयनामागे पाच हजार ट्रिस रेणू वाटेत उभे. मग प्रथिनाची तांब्यावरची पकड मोजली की ती खऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी कमी दिसते. अमायलॉइड बीटा आणि तांब्याचे जुन्या साहित्यातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. बफरची दुरुस्ती केली की पकड नॅनोमोलर किंवा त्याहून घट्ट येते. झिंकची पकड मात्र मायक्रोमोलरच्या टप्प्यातली, म्हणजे बरीच सैल.

ट्रिसची दुसरी खोड तापमानाची. तापमान वाढलं की दर अंशामागे त्याचा पीएच ०.०२८ ने घसरतो. मे महिन्यात कूलर लावूनही खोली ४० अंशांना असते, तिथे ७.४ ला लावलेलं ट्रिस ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ८.४ च्या आसपास जातं. हा एक पूर्ण एककाचा फरक आहे. हिस्टिडीनचा पीकेए ६ ते ६.५ च्या घरात, त्यामुळे पीएच खाली सरकला की हिस्टिडीनवर प्रोटॉन बसतो आणि धातू सुटतो. तांबं तर थोड्या आम्लधर्मी पीएचला, ६.६ च्या आसपास, अमायलॉइड बीटाला ७.४ पेक्षा जास्त जोरात गोळा करतं. म्हणजे पीएच नीट धरला नाही, तर निकाल नुसता बदलत नाही, उलटाही होऊ शकतो. ज्या तापमानाला प्रयोग होणार त्याच तापमानाला पीएच लावायचा.

पीएच घसरण्याची आणखी एक वाट आहे, ती धातूच्या साठा-द्रावणातून. लोहाचं द्रावण आम्लात बनवलेलं असतं, झिंक क्लोराइडचं स्वतःहून किंचित आम्लधर्मी असतं. पातळ बफरमध्ये त्याचा मोठा थेंब पडला की पीएच साडेपाचकडे झुकतो, आणि अमायलॉइड बीटाचा समविद्युत बिंदू (जिथे त्यावरचा एकूण भार शून्य होतो) तिथेच, ५.३ च्या जवळ आहे. तिथे हे प्रथिन धातूशिवायही गोळा होतं. धातू टाकल्यावर एक नमुना वेगळा काढून त्याचा पीएच मोजायला दोन मिनिटं लागतात. तेवढंच आम्ल धातूविना घालून एक नियंत्रण नमुनाही ठेवा.

बाटलीवरच्या नावावर विश्वास

क्युप्रिक क्लोराइड डायहायड्रेटचा रेणुभार १७०.५, निर्जलाचा १३४.५. डायहायड्रेट वजन करताना निर्जलाचा आकडा धरला, तर द्रावण २१ टक्के फिकं होतं आणि ‘एकास एक’ म्हणून लिहिलेलं प्रमाण एकास ०.७९ असतं. झिंक क्लोराइड पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन बाटलीतच ओला गोळा होतं. कूलरच्या समोर वजनकाटा असेल तर उन्हाळ्यातही तेच. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटचं उलट आहे, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते स्वतःचं पाणी सोडतं. म्हणून वजनावर विसंबू नका. साठा-द्रावण करून ते ईडीटीएने टायट्रेट करा, झिंकसाठी एरिओक्रोम ब्लॅक टी वापरून, तांब्यासाठी म्युरेक्साइड. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रयोग आहे, कुठल्याही रसायनशास्त्र विभागात ब्युरेट सापडेल.

लोह हा तर वेगळाच त्रास. फेरस सल्फेटचे स्फटिक निळसर हिरवे असायला हवेत. बाटली उघडल्यावर कडेला पिवळट तपकिरी पापुद्रा दिसला की ती बाटली या कामाची नाही. चांगलं फेरस घेतलं तरी पीएच ७.४ ला हवेत ते काही मिनिटांतच फेरिक व्हायला लागतं, आणि फेरिक त्या पीएचला हायड्रॉक्साइड होऊन गंजासारखं खाली बसतं. मग तुम्ही जे मोजता ते प्रथिनावर लोहाचा परिणाम असतं की हायड्रॉक्साइडच्या कणांवर प्रथिन चिकटल्याचा, हे सांगता येत नाही. मोहरचा क्षार (फेरस अमोनियम सल्फेट) घ्या, १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ताजं द्रावण करा, बफरमधून नायट्रोजन सोडा आणि त्याच तासात वापरा. कालचं लोहाचं द्रावण फेकून द्यायचं. एमएस्सीच्या प्रकल्पात, मुद्दाम लोहच हवं अशी गरज नसेल, तर मी लोह टाळायलाच सांगते.

न टाकलेला धातू, आणि न काढलेलं ईडीटीए

‘नियंत्रण’ म्हणून लिहिलेल्या नळीत धातू नसतोच असं नाही. एक साधा हिशोब करू. समजा तुमच्या मिठात दर किलोला २ मिलिग्रॅम लोह आहे. १५० मिलिमोलर मीठ म्हणजे लिटरला ८.८ ग्रॅम, त्यातून साधारण ०.३ मायक्रोमोलर लोह येतं. प्रथिन ५ मायक्रोमोलर असेल तर सहा टक्के धातू फुकटात मिळाला. त्यात काचेची बाटली, स्टीलचा चमचा, रबरी बूच आणि रबरी हातमोजे यांची भर. रबर पक्कं करताना झिंकची संयुगं वापरतात, ती हळूहळू पाझरतात. पाणी १८.२ मेगाओहमचं घ्या, पण ते यंत्रातून निघाल्यावर आठवडाभर काचेत साठवलंत तर तो आकडा फक्त यंत्राच्या पडद्यावर राहतो. शहराच्या काही भागांत बोअरचं जड पाणी येतं, आणि धातूच्या डिस्टिलेशन भांड्यातून काढलेलं पाणी या कामाला वापरूच नये.

बफर धातू पकडणाऱ्या चेलेक्स राळेवर फिरवून घ्या. ही राळ सोडियम स्वरूपात असते आणि पीएच वर नेते, म्हणून पीएच नंतर पुन्हा लावा. भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात ठेवून शुद्ध पाण्याने धुवा. शक्य असेल तर प्लास्टिक वापरा.

याच्या उलट चूक म्हणजे ईडीटीए मागे राहणं. पेशी फोडताना टाकलेलं १ मिलिमोलर ईडीटीए, किंवा प्रोटीएज रोखणाऱ्या गोळीतलं ईडीटीए, पुढे सौम्य होत होत ०.१ मिलिमोलर उरलं आणि तुम्ही ५० मायक्रोमोलर झिंक टाकलंत, तर सगळंच्या सगळं झिंक ईडीटीएच्या खिशात. मग निष्कर्ष येतो, ‘झिंकचा या प्रथिनावर परिणाम होत नाही.’ ईडीटीए-विरहित गोळ्या मिळतात, त्या मागवा. नुसत्या एका डायलिसिसवर भरवसा ठेवू नका, बफर दोन-तीनदा बदला.

आता मोजायचं कुठे? झिंकला रंग नाही, त्यामुळे ते वर्णपटमापीवर थेट दिसत नाही. पण नागपुरात धातू मोजणं नवीन नाही. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथली, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथलं, आणि पाण्याच्या तपासणीसाठी अणुशोषण वर्णपटमापी बाळगणाऱ्या प्रयोगशाळा शहरात आहेत. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या दाराशी जायचं सुचत नाही एवढंच. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन तुमचा ‘धातूविरहित’ बफर एकदा तपासून घ्या. आकडा पाहून बहुतेकांचा चेहरा उतरतो.

हिस्टिडीनची शेपटी तशीच ठेवणं

अल्फा-सिन्युक्लीन (पार्किन्सनशी संबंधित प्रथिन) किंवा टाऊ (अल्झायमरशी संबंधित) जीवाणूंत बनवताना सहा हिस्टिडीनचा टॅग लावतात, कारण निकेलच्या स्तंभावर शुद्धीकरण सोपं होतं. निकेलला धरणारी ही शेपटी झिंकला आणि तांब्यालाही तितक्याच आनंदाने धरते. अल्फा-सिन्युक्लीनच्या १४० अमिनो आम्लांत हिस्टिडीन एकच आहे, ५० व्या जागी. तिथे आपण आणखी सहा जोडली, तर धातूचा परिणाम कुणाचा मोजतोय? टॅगचा. शिवाय स्तंभावरून सुटलेलं निकेल सोबत येतं ते वेगळंच. टॅग कापून काढा, आणि कापल्यानंतर टोकाला जादा ग्लायसीन किंवा सेरीन उरत नाही ना, हेही पाहा.

या टोकाला महत्त्व आहे. अल्फा-सिन्युक्लीनची तांब्यासाठीची सगळ्यात घट्ट जागा अगदी सुरुवातीला, मेथिओनीन-१ आणि ॲस्पार्टिक-२ इथे आहे. पण माणसाच्या पेशीत हे टोक ॲसिटिल गटाने झाकलेलं असतं आणि मग ती जागा तांब्याला मिळत नाही. जीवाणूत बनवलेल्या प्रथिनावर सहसा हे झाकण नसतं. कित्येक वर्षं अनेक गटांनी उघड्या टोकाचं प्रथिन वापरून तांब्याबद्दल मोठमोठी विधानं केली. त्यांना दोष देऊन फायदा नाही, पण आज तो प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करण्यातही अर्थ नाही.

थायोफ्लेविन उतरलं म्हणजे तंतू कमी झाले, असं समजणं

थायोफ्लेविन टी हा रंग अमायलॉइड तंतूंवर बसला की ४४० नॅनोमीटरच्या प्रकाशात ४८० च्या आसपास चमकतो. पद्धत स्वस्त आहे, प्लेट रीडर असला की काम सुरू. धातू आले की मात्र ती दोन प्रकारे फसवते.

पहिला प्रकार तांब्याचा. क्युप्रिक आयन चमक विझवतो. तंतू जागच्या जागी असतात, चमक मात्र निम्मी होते, आणि आलेखाखाली लिहिलं जातं, ‘तांबं गुठळ्या रोखतं.’ याची परीक्षा सोपी आहे. धातूविना तयार झालेले तंतू घ्या, थायोफ्लेविन घालून वाचन घ्या. मग त्याच खड्ड्यात तांबं टाका आणि लगेच पुन्हा वाचा. काही सेकंदांत आकडा पडला तर ती विझवण्याची करामत आहे, कारण तंतू सेकंदांत विरघळत नाहीत. आता तांब्यापेक्षा थोडं जास्त ईडीटीए टाका. आकडा परत वर आला की खात्री झाली. ईडीटीए धातूला धरताना प्रोटॉन सोडतं, तेव्हा बफर पुरेसं असू द्या, नाहीतर पीएच घसरून नवीनच गोंधळ. तांब्याच्या प्रत्येक मात्रेसाठी हे करून दुरुस्तीचा गुणक काढता येतो, पण मी तरी शेवटच्या टप्प्यावर सगळ्या खड्ड्यांत ईडीटीए टाकून एक अखेरचं वाचन घेणं पसंत करते. धातूने बांधलेल्या गुठळ्या त्यात सुटू शकतात, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचायचा.

दुसरा प्रकार झिंकचा. जास्त झिंक टाकलं की अमायलॉइड बीटा मिनिटांत खाली बसतो, पण त्या गुठळ्या बेढब असतात. त्यांत तंतूंची रचना नसते आणि थायोफ्लेविन त्यांवर फारसं चमकत नाही. रंग म्हणतो काही झालं नाही, नळीत मात्र साका दिसतोय. म्हणून एका रंगावर निकाल लावू नका. ४०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजा, सेंट्रिफ्यूज करून वर किती प्रथिन उरलं ते पाहा, आणि दोन-चार नमुने तरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ द्या. त्यासाठी रांगेत थांबावं लागतं, थांबा.

उरलेलं प्रथिन मोजतानाही जपून. अमायलॉइड बीटात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसीन एकच. १० मायक्रोमोलरचं २८० नॅनोमीटरला शोषण ०.०१५ येतं, तेवढी तर उपकरणाची चूकच असते. प्रथिन मोजायची बीसीए पद्धत स्वतःच तांब्यावर चालते, त्यामुळे नमुन्यात ईडीटीए किंवा डीटीटी (एक क्षपणक) असलं की ती बिघडते. आणि प्रथिनाची मात्रा नेहमी धातू टाकायच्या आधी ठरवा, कारण गढूळ द्रावणाचं शोषण फुगलेलं दिसतं.

३७ अंश लिहिलं म्हणजे ३७ अंश नसतात

ही खास इथली अडचण. बहुतेक प्लेट रीडरमध्ये तापवायची सोय असते, थंड करायची नसते. खोलीच्या तापमानापेक्षा दोन-चार अंश वर, त्याच्या खाली ते जाऊच शकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दुपारी एसी बंद पडला, खोली ४० ला गेली, की आत प्लेट ४२-४३ ला शिजत असते आणि वहीत ३७ लिहिलेलं असतं. तापमान वाढलं की लॅग फेज, म्हणजे गुठळ्या दिसू लागण्याआधीचा काळ, आखूड होतो. सकाळी केलेली धातूविरहित प्लेट आणि दुपारी केलेली धातूची प्लेट यांची तुलना केलीत, तर ‘धातूमुळे गुठळ्यांना वेग आला’ असा सुंदर आलेख मिळतो, आणि त्यात धातूचा काही संबंध नसतो. दोन्ही एकाच प्लेटमध्ये, एकाच वेळी ठेवा. रीडरचा तापमानाचा लॉग उतरवून घ्या. कडेचे खड्डे पाण्याने भरा, झाकणफीत नीट चिकटवा. कोरड्या हवेत कडेचे खड्डे आधी आटतात आणि आटल्यावर प्रथिन आणि धातू दोन्ही घट्ट होतात.

‘धातू गुठळ्या वाढवतो का?’ हा प्रश्नच अपुरा विचारणं

वाढवतो की कमी करतो, हे प्रमाणावर आणि प्रथिनावर ठरतं. २०१५ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की प्रथिनापेक्षा कमी प्रमाणात असलेलं झिंक अमायलॉइड बीटा-४० चे तंतू वाढायला अडथळा करतं. तेच झिंक भरपूर झालं की बेढब साका. एकाच मात्रेवर प्रयोग केला तर दोन विद्यार्थी दोन उलट निष्कर्ष काढतील आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. किमान पाच-सहा प्रमाणं घ्या, ०.१ पटीपासून दहापटीपर्यंत.

दुसऱ्या प्रथिनांत धातू चक्क राखणदार असतो. इन्सुलिनच्या सहा रेणूंचा एक गट दोन झिंक आयनांभोवती बसतो. स्वादुपिंडाच्या पेशीत ते याच रूपात साठवलेलं असतं आणि झिंक काढून घेतलं तर त्याचे तंतू लवकर बनतात. एसओडी१ हे त्याहून ठसठशीत उदाहरण. याच्या जनुकातले बदल एएलएस या स्नायू-चेता आजाराला कारण ठरतात, हे १९९३ मध्ये कळलं. तांबं आणि झिंक दोन्ही जागेवर असताना हे प्रथिन नव्वद अंशांच्या पुढे जाईपर्यंत उलगडत नाही. धातू काढून घेतले की पन्नाशीतच उलगडतं. इथे आजाराकडे नेणारी पायरी धातू मिळण्याची नसून धातू हरवण्याची आहे. म्हणून ‘किलेटर (धातू पकडणारं रसायन) टाका, गुठळ्या थांबवा’ हा विचार एसओडी१ ला लावला तर उलटाच अंगावर येतो.

सुरुवातीचं प्रथिन एकेकटं, सुटं होतं का, हेही या प्रश्नातच येतं. जुन्या गोठवलेल्या नळीत आधीच बीजं तयार असतात, आणि बीजं असली की लॅग फेज उडतो, धातू असो वा नसो. अल्फा-सिन्युक्लीन १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून काढा, अमायलॉइड बीटा जेल-फिल्ट्रेशन स्तंभावरून सुटं गोळा करून त्याच दिवशी वापरा. धातू टाकताना साठ्याचा तीव्र थेंब थेट टाकू नका. जिथे थेंब पडतो तिथे क्षणभर धातू शेकडो पटींनी जास्त असतो आणि तिथे झालेली गुठळी ढवळून मोडत नाही. दहापट सौम्य द्रावण करून, हलवत हलवत घाला.

डीटीटीबद्दल थोडक्यात. ते क्युप्रिकला क्युप्रस करतं, धातूलाही धरतं, म्हणून या प्रयोगातून ते हद्दपार. आणि तांबं, हवा, ॲस्कॉर्बेट एकत्र आले की टायरोसीन एकमेकांना कायमचे जोडले जातात. मग जेलवर दिसणारी ‘ऑलिगोमर’ची पट्टी ईडीटीएने कशी जाणार?

नळीतून थेट रुग्णापर्यंत उडी मारणं

नागपुरात हा विषय मांडला की कुणीतरी मॅंगनीजवर येतंच. मॅंगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय इथे, मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी जिल्ह्यातच. मॅंगनीजच्या धुळीत दीर्घकाळ काम करणाऱ्यांना हालचालींचा आजार होतो, हे कूपर यांनी ग्लासगोत १८३७ मध्येच नोंदवलं होतं. पण तो आजार आणि पार्किन्सन एक नव्हेत. मॅंगनीजचा मारा मुख्यतः ग्लोबस पॅलिडस या भागावर होतो, लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाने फारसा गुण येत नाही आणि अल्फा-सिन्युक्लीनच्या गुठळ्या त्यात ठळक नसतात. नळीत मॅंगनीज अल्फा-सिन्युक्लीनला धरतं, पण फार सैल, मिलिमोलरच्या घरात. ‘खाणीतल्या मॅंगनीजमुळे गुठळ्या आणि गुठळ्यांमुळे पार्किन्सन’ ही साखळी प्रकल्पाच्या प्रस्तावनेत छान दिसते, पुरावा मात्र तिच्या प्रत्येक कडीला हवा.

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांमुळे अल्झायमर होतो म्हणतात, त्याचंही तसंच. १९७०च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे रुग्णांना मेंदूविकार झाला हे खरं, पण त्यांच्या मेंदूत अल्झायमरचं चित्र नव्हतं. तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिऊन अल्झायमर होतो, असं म्हणणाऱ्यांनी विल्सनचा आजार आठवावा. त्यात तांबं यकृतात आणि मेंदूत अक्षरशः साठतं, तरी अल्झायमरसारखे प्लाक ही त्याची ओळख नाही. शरीरात तांबं मोकळं फिरतच नाही. रक्तात सेरुलोप्लाझ्मिन आणि अल्ब्युमिन ते घट्ट धरून असतात. नळीतल्या ५० मायक्रोमोलर मोकळ्या तांब्याची बरोबरी होईल अशी जागा शरीरात शोधून सापडणार नाही.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, म्हणून विद्यार्थी तिथेही धातू शोधतात: हिमोग्लोबिनमध्ये लोह आहे, म्हणजे गुठळ्या लोहामुळे. तसं नाही. ऑक्सिजन सुटल्यावर रेणूचा आकार बदलतो आणि सहाव्या जागी आलेलं व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतं. लोह तिथे ऑक्सिजन धरण्यापुरतं आहे.

आणि औषधांचं काय? धातूंवर काम करणारं पीबीटी२ हे औषध २०१४ मध्ये अल्झायमरच्या चाचणीत मुख्य कसोटीवर उतरलं नाही. लोह काढणारं डेफेरिप्रोन पार्किन्सनच्या ३७२ नव्या रुग्णांवर ३६ आठवडे तपासलं गेलं, निकाल २०२२ मध्ये आला. मेंदूतलं लोह कमी झालं आणि लक्षणं प्लॅसिबो घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. तेव्हा प्रबंधिकेच्या शेवटी ‘यावरून अल्झायमरवर उपचार शक्य आहे’ हे वाक्य नको. ‘२० मिलिमोलर हेपीस, पीएच ७.४, मोजलेलं तापमान ३७ अंश, १० मायक्रोमोलर टॅगविरहित प्रथिनाला ५ मायक्रोमोलर झिंक दिल्यावर लॅग फेज इतका लांबला, आणि ईडीटीए दिल्यावर पूर्ववत झाला’ एवढं लिहिलंत तर बाहेरून आलेला परीक्षकही तोंडी परीक्षेत तुमच्याशी बफरबद्दल भांडणार नाही.